भगवानदादांच्या आवाजाची एकच प्रत

अंबरनाथ पूर्वेला आमच्या चाळीत भगवानदादा राहत. कारखान्यातली पाळी संपवून आले की ढोलकीवाल्याला हाक मारायचे, आणि त्यांचं भीमगीत सुरू झालं की नळावरची भांडणंसुद्धा थांबायची. दुसऱ्या कुणी मध्येच सूर धरलेला त्यांना खपत नसे. "कोरस मागे," एवढंच म्हणायचे.

दोन हजार चार साली कॅन्सरमुळे त्यांची स्वरपेटी काढली. गळ्यातल्या छिद्रावर पांढरा रुमाल आला आणि बोलणं हातांच्या खुणांवर आलं. पण मुलगा विक्रांत याने त्याआधीच दादांच्या गाण्यांच्या घरातल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. कॅसेटींचं काम संपलं, म्हणून दादांच्या बायकोने, भिमाबाईंनी, त्यातल्या फिती काढून गॅलरीत बांधल्या. त्या चकाकतात म्हणून कबुतरं येत नाहीत.

मग आंबेडकर जयंतीला एक रीतच पडली. विक्रांत कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने मंडपात जायचा आणि लाउडस्पीकरला जोडायचा. दादा पांढऱ्या सदऱ्यात स्टेजवरच्या खुर्चीत बसून स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवायचे. म्हाताऱ्या बाया डोळे मिटून ऐकायच्या.

मंडळाने सीडी मागितली तेव्हा दादांनी नकारार्थी मान हलवली. उल्हासनगरात एक सीडी गेली की तिच्या शंभर होतात, मग आपलं गाणं कुणाच्याही वरातीत वाजणार, ही त्यांची धास्ती. विक्रांत निर्धास्त होता. दर रविवारी तो सगळी गाणी 'सी' ड्राइव्हमधून 'डी'मध्ये कॉपी करायचा आणि आपल्याकडे बॅकअप आहे म्हणून सांगायचा.

चौथ्या वर्षी जयंती तोंडावर आली आणि डब्यातून टिकटिक ऐकू येऊ लागली. गाणी उघडेनात. बापलेक हार्ड डिस्क घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेले. तिथल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या सिंधी शेठने डिस्क जोडून कानाशी धरून ऐकली. विक्रांतने 'डी'चं सांगितलं, तेव्हा तो हसला नाही.

"बेटा, सी और डी एक ही घर के दो कमरे हैं। घर गिरा तो दोनों गए।"

डिस्क अजून थोडं थोडं वाचते आहे, तेव्हा ती आता चालू करू नका, इथेच ठेवून जा. सावकाश एकेक गाणं दुसऱ्या डिस्कवर काढून देतो, असं तो म्हणाला. ठेवून जा, हे ऐकताच दादांनी डिस्क उचलून छातीशी धरली. माझ्यासमोर काढ, अशी त्यांची खूण. त्याला दिवस लागतील, असं शेठने परोपरीने सांगितलं. दादा दुकानाबाहेर पडले. "पप्पा, ठेवूया ना," म्हणत विक्रांत मागे.

पुढच्याच गल्लीत समोर बसवून काम करून देणारा भेटला. त्याच्या टेबलावर पंखा गरगरत होता आणि शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातला निळा भुगा हवेत उडत होता. त्याने स्क्रू काढून डिस्क उघडली. आतली तबकडी आरशासारखी होती. दादा वाकून बघत राहिले. तिच्यावर भुगा बसला, तशी कारागिराने फुंकर मारली आणि पुसायला काही मागितलं. दादांनी गळ्यावरचा रुमाल काढून दिला.

झाकण लावून डिस्क चालू केली. आत काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं, मग तेही थांबलं. ते पुन्हा शेठकडे गेले. त्याने आत पाहिलं आणि डिस्क कागदात गुंडाळून परत दिली.

जयंतीला दादांची खुर्ची होती तिथेच होती. मंडळाचा अध्यक्ष प्रमोद, ज्याला पोरवयात दादांनीच कोरसमध्ये उभं केलं होतं, त्याने दुसऱ्या कुणा गायकाची सीडी आणली होती. दादांना ऐकूही येत नाही असं समजून मोठ्या आवाजात तो त्यांच्या कानाशी म्हणाला, "काका, तुम्ही नुसते ओठ हलवा. लांबून कोणाला कळतंय?"

दादा बसले. गाणं सुरू झालं, संपत आलं, तरी त्यांचे ओठ मिटलेलेच होते.

पहिल्या रांगेत भिमाबाईंच्या शेजारी चाळीतल्या वेणूआजी डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "यंदा काय मोकळा लागलाय गं दादांचा आवाज."

स्टेज तिथून दोन हातांवर होतं. भिमाबाई म्हणाल्या, "हो."