गारठलेली खेप

तिला सगळं गाव सरडाबाई म्हणायचं आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. गावातल्या बागेत सरपटणाऱ्या प्राण्यांची एक लांबट खोली होती, तिची ती राखणदार. एकोणीस वर्षांपूर्वी झाडलोटीला लागली तेव्हा भिंतीवर पाल दिसली तरी ती खुर्चीवर चढून बसायची. मग जुना राखणदार आजारी पडला. पिंजऱ्यात पाणी ठेवायचं काम चार दिवसांसाठी म्हणून हिच्या गळ्यात पडलं आणि गळ्यातच राहिलं. आता एखादं कासव मान कशी काढतं यावरून ती त्याचं पोट बिघडलंय की नाही ते सांगायची. नवरा कचऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. तो चारचौघांत म्हणायचा, "सरड्याच्या जन्माला आलो असतो तर बायकोने निदान जेवलास का म्हणून तरी विचारलं असतं."

गाव उष्ण. स्वेटर हा प्रकार लोकांनी फक्त परगावी निघालेल्यांच्या बॅगेत बघितलेला. कालव्याच्या दोन्ही काठांवर जुनी, दाट झाडं होती आणि त्यांच्यावर हातभर लांबीचे हिरवेगार सरडे दिवसभर ऊन खात पसरलेले असायचे. त्यांचा कुणाला त्रास नव्हता आणि त्यांनाही कुणाचा नव्हता.

त्या वर्षी थंडी आली ती कुणालाही न विचारता. पहिल्या दिवशी लोकांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी घरोघरी हीटर लागले आणि दुपारी वीज गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी सकाळी बादलीत हात घातला तर सुया टोचाव्यात तसं झालं. सरडाबाई अंगावर नवऱ्याचे दोन शर्ट चढवून कामाला निघाली आणि कालव्याच्या रस्त्यावर तिचे पाय जागीच थांबले.

झाडांखाली सरडे पडले होते. फुटपाथवर, बाकांवर, उभ्या सायकलींच्या मध्ये. कुणी उताणे, कुणी कुशीवर, पाय अजूनही फांदी धरल्यासारखे वाकडे. हिरवा रंग जाऊन अंग राखेसारखं झालेलं. तिने एक उचलला. लाकडाचा तुकडा हातात घ्यावा तसा ताठ. छातीवर बोट ठेवलं, काही लागलं नाही.

पण तिला हे माहीत होतं. काही वर्षांपूर्वी फळांच्या खोक्यातून एक सरडा शीतगृहात जाऊन आला होता. मेला म्हणून तिने तो खिडकीत ठेवला आणि पुरायला फावडं शोधायला गेली. परत येऊन बघते तर पठ्ठ्या खिडकीच्या गजावर! तेव्हा बागेचे डॉक्टर म्हणाले होते, "यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेर गार झालं की आतलं सगळं मंदावतं, पकड सुटते, झाडावरून खाली येतात. अंग गरम झाल्याशिवाय मेला म्हणायचं नाही. आणि गरम करायचं ते हळूहळू. वरून तापवलंस आणि काळीज गारच राहिलं, तर हकनाक जाईल."

तिथेच तिने आरडाओरडा करून सरडे उचलायला वाकलेल्या लोकांना थांबवलं. "हात लावू नका! जिवंत आहेत! उन्हात पडू द्या!" एक म्हातारा पेपरवाला म्हणाला, "बाई, मग पलीकडच्या काठाला आधी जायला हवं होतं. तिकडचे सगळे पहाटेच कचऱ्याच्या गाडीने नेले."

कालव्याच्या बाजूला गाडी एकच यायची, तिच्या नवऱ्याची. तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"दुसऱ्या खेपेला निघतोय. अगं, सरडे मेलेत ढिगाने. वास सुटायच्या आत उचला म्हणून हुकूम आहे."

"ते मेलेले नाहीत."

पलीकडे इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

"अहो, ऐकताय ना? गारठलेत ते. पहिली खेप कुठे टाकलीत?"

"खड्ड्यात," तो म्हणाला. "वरून माती लोटली गं यंत्राने. मीच थांबून बघितली."

तो तिला घ्यायला आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. दोघं कचरा डेपोवर गेले. डेपोवर मुकादम कानाला टॉवेल गुंडाळून शेकोटीपाशी उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात हलवला.

"वहिनी, काहीतरीच काय! दगड झाले होते ते. मी स्वतः बघितलं. बारा वाजता चुन्याची गाडी येतेय, चुना टाकला की काम संपलं."

"बाराला अजून दोन तास आहेत. तेवढे द्या."

"आणि साहेब आले तर मी काय तोंड दाखवू?"

"तोंड माझं दाखवा," ड्रायव्हर म्हणाला. एवढ्या वर्षांत तो मुकादमाला उलटून कधी बोलला नव्हता. बोलला आणि फावडं घेऊन खड्ड्यात उतरला.

वरचा थर लवकर लागला. फावडं लागेल या भीतीने दोघांनी ते टाकून दिलं आणि हातांनी उकरायला सुरुवात केली. माती बर्फासारखी. बोटांना काही कळेनासं झालं. एकेक सरडा तोंडातली माती काढून ती वर काठावर ठेवत होती आणि मुकादम ते गाडीत नेऊन ठेवायला लागला होता. "यातले जिवंत कोणते?" त्याने एकदा विचारलं.

"कसं सांगू? सगळेच न्यायचे."

खालच्या थराला मात्र यंत्राचं वजन बसलं होतं. ड्रायव्हरने एक बाहेर ओढला आणि त्याचा हात तसाच थांबला. सरड्याचा जबडा चेंगरला होता आणि त्यातून लाल, पातळ रक्त त्याच्या मनगटावर उतरत होतं. पहाटे मेलेल्याचं रक्त असं वाहत नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"अहो, पुढचा काढा," ती म्हणाली. "थांबू नका. पुढचा."

चुन्याची गाडी आली तेव्हा एकशे सतरा सरडे वर निघाले होते. खाली किती राहिले ते मोजायला कुणी उतरलं नाही.

बागेच्या खोलीत वीज नव्हती, तिचे स्वतःचे प्राणी तिने सकाळीच फोन करून शेजारच्या बेकरीच्या उबदार भिंतीशी नेऊन ठेवायला सांगितले होते आणि तिथे आता जागा नव्हती. उरलं घर. दोन खोल्या, त्यातली उन्हाची खोली सासूबाईंची. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. कोपऱ्यात कोळशाची शेगडी होती. सुनेने जमिनीवर सरडे मांडायला सुरुवात केली तशा त्या उशीवरून मान वळवून बघत राहिल्या.

"सूनबाई, लग्नात हे नव्हतं हो सांगितलं."

"आई, पाया पडते, आज काही बोलू नका."

"मी कुठे बोलतेय! तो पोटावर झोपलाय, त्याचं नाक दबलंय बघ."

खोली भरली. पंचाण्णव मावले, बावीस उरले. ते तिने गाडीच्या केबिनमध्ये सीटवर आणि पायांपाशी ठेवले. काचेतून ऊन येत होतं. ठेवता ठेवता तिला दिसलं, एकाने पापणी दोऱ्याएवढी उघडली. "नुसत्या उन्हावर राहू द्या," तिने नवऱ्याला बजावलं. "दुसरं काही करू नका." आणि ती आत धावली.

तासाभराने ती बाहेर आली तेव्हा केबिनच्या काचांवर वाफ धरली होती. इंजिन चालू होतं. तिने दार उघडलं तर भट्टीसारखी धग अंगावर आली. ड्रायव्हर चाकामागे घामाने निथळत बसला होता आणि हसत होता.

"अगं, हलले! पाच-सहा जण तर चांगले तडफडले. म्हटलं, उन्हाने काय होणार, जरा हीटर लावावा..."

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. त्याने शेजारी बघितलं. आता कुणीच हलत नव्हतं. तिने इंजिन बंद केलं, दारं उघडली, एकेकाच्या छातीला कान लावला. तो विचारत राहिला, "काय झालं? अगं, काय झालं?" तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण त्याचे हात दिसले, नखांत माती आणि मनगटावर ते वाळलेलं रक्त. ती गाडीच्या पायरीवर बसून ओंजळीत तोंड लपवून रडली.

दुपार कलताना आतून सासूबाईंनी हाक मारली. "सूनबाई, तुझा एक जण माझ्या पांघरुणावर चढतोय! त्याला सांग, मी झाड नाही!"

पंचाण्णवमधले चौतीस उठले. बाकीच्यांना तिने दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवलं नाही, मग एकेक करून टोपलीत भरलं.

आणि कालव्याच्या या काठाचे, ज्यांना त्या सकाळी कुणी हात लावला नव्हता, ते बाराच्या उन्हाला आपले आपण उठून झाडावर चढले होते. बरेचसे. पेपरवाल्याने तिला ते कौतुकाने सांगितलं, तेव्हा ड्रायव्हर तिच्या मागेच उभा होता. त्याने ऐकलं आणि तो वळून घरी चालता झाला.

पाचव्या दिवशी थंडी ओसरली. चौतीस जणांना तिने कालव्यावर नेऊन सोडलं. ड्रायव्हर सोबत गेला नाही, तिनेही आग्रह केला नाही. तो कामाला जायचा, यायचा, आईला भरवायचा, पण चेष्टा करायचं त्याने सोडून दिलं. पलीकडच्या काठावरून जाताना गाडी हळू करायचा म्हणे. त्या फांद्या रिकाम्याच होत्या.

महिन्याभराने एका रविवारी दुपारी ती शेंगा सोलत बसली होती. तो समोर येऊन बसला. दोन शेंगा सोलल्या आणि खाली बघूनच म्हणाला, "खड्ड्यातलं जाऊ दे. ते माझ्याच हातून गेलंय, ते मला कळतं. पण केबिनमधले बावीस... ते जिवंत होते का गं? मी हीटर लावायच्या आधी?"

तिच्या डोळ्यांपुढे ती दोऱ्याएवढी उघडलेली पापणी आली.

"नव्हते," ती म्हणाली. "मी हात लावून बघितलं होतं ना. आधीच गेले होते."

"मग हलले ते?"

"उबेने कातडं आखडतं. तसं दिसतं कधी कधी."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिने मान वर केली नाही. त्याला खरं वाटलं, की खोटं कळूनही त्याने ते घेतलं, हे तिला पुढेही कधी कळलं नाही. "बरं," एवढंच तो म्हणाला, आणि उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढून सोलू लागला.