पोस्टमनच्या फेरीतलं शेवटचं घर

गोटहोल्ड त्सिग्नरच्या फेरीत त्याचं स्वतःचं घर सगळ्यात शेवटी यायचं. पूर्व जर्मनीतल्या त्या लहानशा गावात तो एकवीस वर्षं पत्रं वाटत होता, आणि अलीकडे त्याचं निम्मं ओझं एकाच नावाचं असे: सिग्रुन त्सिग्नर, त्याची मुलगी.

ती सायकल शिकली पोस्टाच्याच जडशीळ सायकलवर. शाळा सुटली की बापाची सायकल पळवून चर्चचा चढ चढायची. सोळाव्या वर्षी क्लबात गेली, विसाव्या वर्षी देशात पहिली आली, मग आणखी दोनदा. गेल्या साली जागतिक स्पर्धेत दुसरी. तेव्हापासून लोक तिकीट लावलेलं परतीचं पाकीट पाठवून तिच्या सहीचं फोटोकार्ड मागू लागले. गोटहोल्डने अशी हजारो कार्डं वाहिली. स्वतःसाठी मात्र एकही मागितलं नाही. घरच्या घरात कसली सही मागायची?

आज शुक्रवार होता. रविवारी गावची शर्यत, सोमवारी सिग्रुन जागतिक स्पर्धेच्या सरावाला निघणार. आणि त्याच्या पिशवीत तिच्या नावाचं रजिस्टर पत्र होतं, थेट बर्लिनच्या क्रीडा खात्यातून आलेलं.

आत काय आहे ते तिचा प्रशिक्षक वोल्फ्राम कालच सांगून गेला होता. "ऑलिम्पिकमध्ये अजून बायकांची सायकल शर्यत नाही, म्हणजे पदक नाही. मग खर्च कशाला, म्हणतात. बायकांचा संघ मोडलाय. पत्र हातात पडलं की तिची शर्यत बंद. माझ्या हातात काही नाही रे."

तिथे खुर्चीत बसून इथे पोरीचे पाय मोडायची ही तऱ्हा! गोटहोल्डला वाटलं, 'घरी भेटली नाही' असा शेरा मारावा आणि पत्र सोमवारी द्यावं. निदान रविवार तरी पोरीला मिळेल.

पण बेकरीवाल्या टेशबाईंनी त्याला दारातच अडवलं. "खसखशीचा केक ठेवलाय हो सिग्रुनसाठी. आत्ताच अंगणात सायकल पुसत होती."

"आज दिवसभर घरीच आहे म्हणे," न्हाव्याने दुकानातूनच सांगितलं. "माझ्या बायकोने खिडकीतून दोनदा हात केला तिला. मला कधी करत नाही."

गोटहोल्ड हसला आणि पुढे निघाला. सिग्रुन कुठे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. खोटा शेरा अर्धा दिवसही टिकला नसता. त्याची नोकरी गेली असती तर गेली असती, पण हुकूम मोडून शर्यत केल्याचा ठपका तिच्यावरच बसला असता. गावाच्या मायेनेच त्याची वाट बंद केली होती.

त्याने स्वतःच्या दाराची घंटा वाजवली.

"बाबा, किल्ली विसरलात?"

"रजिस्टर आहे. सही लागेल."

तिने ग्रीसचे हात फडक्याला पुसले आणि पोचपावतीवर सही केली. कार्डावर करायची तशीच, मोठ्या वळणाची. "घ्या. तुम्हालाही मिळाली एकदाची."

मग तिने उभ्याउभ्याच पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"रविवारीसुद्धा नाही?"

"नाही गं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने होकारार्थी मान हलवली. तिने पत्र घडी घालून टेबलावर ठेवलं, सह्या करून ठेवलेल्या कार्डांच्या शेजारी. त्याच्या हातात पोचपावती होती. ती पाच वाजायच्या आत कचेरीत जमा करायची होती, आणि तो ती घेऊन निघाला.