बास्केट खाल्लं त्यांचा टाइम-आउट

मैदानावर तिला सगळे भोंगाबाई म्हणतात. आठवडाभर दुकानात बसून लोकांच्या पँट आखूड करते, आणि रविवारी बास्केटबॉलच्या टेबलावर घड्याळ सांभाळते, भोंगा वाजवते. आधी स्वतः खेळायची. शिकवायचा तिचा दादा. दुखऱ्या गुडघ्यावर त्याने तिला खेळवलं, गुडघा कामातून गेला, आणि आईने दादाला घराबाहेर काढलं. खरं तर खेळायचा हट्ट हिचाच होता. पण तेव्हा हिने तोंड उघडलं नाही. सहा वर्षं झाली.

दादा आता पोरींच्या एका संघाचा कोच आहे. त्याची मॅच लागली की ही आदल्या दिवशीच केस धुते. टाइम-आउट हवा तर कोचला टेबलाकडे बघूनच मागावा लागतो ना. पण दादा दर वेळी असिस्टंटला पाठवतो. तेही नियमात बसतं, मग काय बोलणार?

त्या रविवारी तिसऱ्या सत्रात दादाच्या पोरींनी बास्केट केलं, आणि दादा स्वतः चालत टेबलाशी आला.

"टाइम-आउट."

बास्केट झाल्यावर टाइम-आउट मिळतो तो ज्यांनी खाल्लं त्यांना, तोही बॉल आत टाकणारीच्या हातात जायच्या आधी. ज्यांनी केलं त्यांना नाही. सहा वर्षांनी माणूस काहीतरी मागायला आला, आणि मागितलं काय बघा.

"नाही मिळणार. बास्केट तुमचंय."

"माहितीये. मीच शिकवलंय तुला."

"मग कशाला आलास, दादा?"

तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात रेफरीने हटकलं, "कोच, बेंचवर." गेला बिचारा.

पुढच्याच मिनिटाला समोरच्यांनी बास्केट केलं. आता हक्क दादाचा. ही डोळे लावून बसली. आला असिस्टंट.

हिने भोंगा वाजवला आणि त्याला म्हणाली, "त्यांना सांग, गुडघ्याचं खरं काय ते मी आज आईला सांगणारे."

"ताई, मॅचचं बोला की."

"तू सांग रे."

तो गेला, दादाच्या कानाशी वाकला. डाव आखायच्या पाटीवर फिरणारा दादाचा हात थांबला. मान वर झाली. पोरींना तसंच सोडून तो टेबलाकडे निघाला.

टाइम-आउट एका मिनिटाचा. पन्नासाव्या सेकंदाला भोंगा द्यायचा, म्हणजे संघ उठतात. दादा अर्ध्या वाटेत, घड्याळात एकोणपन्नास. हिने त्याला अख्खा दिवस दिला असता.

हिने भोंगा दाबला.