क्विटोच्या रोपवेवर राहिलेले काका

नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात किस्से साठतात ते टूर संपल्यावर. मग चहा पिता पिता आम्ही ते एकमेकांना रंगवून सांगतो. टूर चालू असते तेव्हा मात्र ते किस्से नसतात, नुसती भीती असते. त्यात इक्वेडोरची राजधानी क्विटो! शहरच डोंगरात, इतक्या उंचावर की हॉटेलचा जिना चढला तरी धाप लागते. आणि मला, म्हणजे टूर मॅनेजरलाच, उंचीची भीती वाटते. हे मी ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

*

त्या ग्रुपमध्ये अकरा जण होते, सगळे साठीच्या पुढचे. त्यात उमरेडचे गुलाबकाका आणि पुष्पाकाकू. काकांची बायपास झालेली. 'दमायचं नाही' या अटीवर डॉक्टरांनी सोडलं होतं.

पहिल्याच दिवशी बसमध्ये मी बोट दाखवत माणसं मोजायला लागलो, तर काकूंनी माझा हात खाली केला.

"माणसं मोजू नको गा, नजर लागते."

मग मी युक्ती काढली. बसमध्ये चढताना प्रत्येकाला चिवड्याचं एक पाकीट. अकरा पाकिटं संपली की बस सुटली!

*

तिथल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर जायला शेवटी लोखंडी शिडी आहे, जवळजवळ उभी. अर्ध्यावर मी दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली. ना वर जाता येई, ना खाली.

मागून काकू. "काहून थांबला गा?"

मी म्हणालो, फोटो काढतोय.

"डोळे मिटून?"

*

विषुववृत्ताच्या स्मारकापाशी जमिनीवर एक रेघ आखली आहे. एक पाय उत्तर गोलार्धात, एक दक्षिणेत, असे सगळे उभे राहून फोटो काढतात. काकांनी तसे पाय ठेवले आणि एकदम छातीवर हात नेला. मी धावत गेलो, तर काका खिशातला चष्मा शोधत होते!

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्या दिवसभर काकांचा दंड धरून चालल्या.

*

आणि रोपवे. वर डोंगरावर धुकं उतरायला लागलं तसं मी सगळ्यांना मिळेल त्या डब्यात घाईनं बसवून खाली आणलं, बसच्या दारात पाकिटं वाटली. अकरा संपली, बस सुटली. दहा मिनिटांनी काकूंनी पुढून काकांसाठी स्वेटर दिला, ते मागे बसलेत असं समजून. मागे काका नव्हते.

त्यांचं पाकीट काकूंच्या मांडीवर होतं. काकांनी तळलेलं खाऊ नये म्हणून रोज दोन्ही पाकिटं त्याच घ्यायच्या.

काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या गोळ्या माह्या पर्समधी आहेत."

बस वळवली, आणि गोळ्या घेऊन मी एकटाच रोपवेनं परत वर गेलो. धुक्यात खालची दरी दिसतसुद्धा नव्हती, पण आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नाही.

काका वरच्या स्टेशनात बाकावर बसले होते, ओठ पांढरे पडलेले. बाथरूममधून बाहेर आलो तर आपलं कुणीच नव्हतं, म्हणाले. मांडीवर रुमालाची पुरचुंडी होती. आत घड्याळ, अंगठी आणि थोडे डॉलर. हे माझ्या बायकोला द्या, असं ते तिथल्या गार्डला मराठीत सांगत होते, आणि त्याला काही कळत नव्हतं. गोळी घेतल्यावर त्यांनी पुरचुंडी माझ्या हातात दिली.

खाली आलो. चेहऱ्यावर जरा रंग आल्यावर मी ती त्यांना परत करायला गेलो. काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू काका म्हणाले, "राहू दे गा तुह्याजवळ. नागपूरले उतरलो तर मागून घेईन."