जळकोटचं प्रदर्शन आणि वाटेत लांबलेला प्रकाश

जळकोटला जाऊन आल्याला आठवडा झाला, तरी माझं डोकं थंड झालेलं नाही. माझी भाची ऋतुजा, दहावीची, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात होती. नंबर आला तरच अकरावीला लातूरला पाठवतो, असं दादाने तिला बजावलेलं. म्हणून मी नांदेडहून मुद्दाम गेले.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची एसटी धरा, कंधारला गाडी बदला. बायकांना तिकीट अर्धं आहे, खड्डे मात्र पूर्ण मिळतात. जळकोटच्या स्टँडसमोर सुशीला खा. चुरमुऱ्यांची इतकी चांगली सुशीला मला नांदेडातही मिळत नाही.

प्रदर्शन शाळेच्या मैदानात होतं. पाहुण्यांचे सत्कारच दुपारपर्यंत चालले. शाली संपल्या, नारळ संपले, भाषणं काही संपेनात. मुलं उन्हात आपापल्या मॉडेलपाशी उभी. मग परीक्षक निघाले ते पंगत चुकेल अशा घाईने.

ऋतुजाचं मॉडेल म्हणजे परकराचं रुंद इलास्टिक आणि त्यावर निळ्या पेनाने काढलेली लाट. ओढलं की लाट लांबते. दूरच्या दीर्घिकेतून निघालेला प्रकाशही असाच वाटेत लांबतो, कारण मधली जागाच ताणली जाते. निळा निघालेला तांबडा होऊन पोचतो. परीक्षक म्हणाले, "प्रकाश काय रबर असतो का?"

"सर, रबर म्हंजे जागा. प्रकाश म्हंजे ही लाट," ती म्हणाली.

तोवर ते शेजारच्या ज्वालामुखीपाशी पोचले होते. पहिला नंबरही ज्वालामुखीलाच. मी जाब विचारायला गेले, तर मुलांचा कार्यक्रम आहे ताई, एवढं मनावर घेऊ नका, असं परीक्षकांनी मलाच ऐकवलं. अहो, पोरीचं पुढचं शिक्षण त्या नंबरावर टांगलेलं होतं!

संध्याकाळी घरी दादाने इलास्टिकचं एक टोक धरलं, दुसरं ऋतुजाने. समजेपर्यंत त्याने ते पुन्हा पुन्हा ताणायला लावलं. मग विचारलं, "इथं आपण ओढतोय. तिकडं वर कोण ओढायलंय?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत न्हाई, पप्पा. तेच शिकायचंय."

दादाने इलास्टिकची गुंडाळी करून तिच्या हातात दिली. मग मला म्हणाला, जाताना लातूरवरून जा आणि मुलींचं वसतिगृह बघून ठेव.

ते बघून मी नांदेडला परतले. ऋतुजाचं जमलं, याचा आनंद आहेच. पण चीड जात नाही. त्या मैदानात कितीतरी मुलं उन्हात उभी होती, आणि प्रत्येकाच्या घरी दुसरं टोक धरणारं कुणी असतंच असं नाही.