पाया शिजत होता तेव्हा

नरहरी ठवरे रायपूर स्टेशनवर माइकवर बोलायचे. हावडा मेल कुठल्या फलाटावर येणार, दुर्गची पॅसेंजर किती उशिरानं, सगळं त्यांच्या भरदार आवाजात. घरीही बोलायचे ते एकटेच. बायको प्रेमला "हव" एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, स्टेशनवर गर्दी वाढली. त्याच हिवाळ्यात नरहरींचा आवाज बसला. गळ्यात लहानशी गाठ निघाली. साधीच होती, ऑपरेशन झालं, पण घशातून नुसता वारा येऊ लागला. रेल्वेनं त्यांना पार्सल ऑफिसात टेबलावर बसवलं. घरी आले की ते खिडकीशी बसून राहत. जेवणावरची वासना उडाली.

शेजारच्या मीरावहिनी म्हणाल्या, "पाया करून पाज त्यायले. हाडांच्या रश्श्यानं बसलेला आवाज उठते."

प्रेमलानं डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. "पाजा ना. पोटाले हलका, थोडी ताकद मिळेल, गरम घोट घशाले बरा वाटेल. मीठ बेतानं. पण आवाज येईल असं मी म्हणणार नाही. सांध्यांसाठीही लोक लय सांगतात, पक्कं सिद्ध काहीच नाही."

तरी तिनं रविवारी बकऱ्याचे पाये आणले. भाजून, खरवडून, गरम पाण्यानं धुतले. आलं, लसूण, हळद, मिरे घालून बुढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या अंगणात शिगडीवर पातेलं चढवलं. मंद आचेवर दुपारपर्यंत शिजायचं, म्हणून ती तिथंच बसली. नरहरींनीही खुर्ची बाहेर आणली.

वाफेनं आधी समोरची भिंत पुसली, मग जास्वंद, मग दोघांचे चेहरे. त्या पांढऱ्या धुक्यात प्रेमला कधी बोलू लागली, तिलाही कळलं नाही. भंडाऱ्याकडचं तिच्या मामांचं तळं. पहाटे शिंगाडे काढायला जाणारी डोंगी, अरुंद लाकडी होडी. पाण्यात हात घातला की बोटांना गुंडाळणारे गार वेल. नरहरी डोळे मिटून ऐकत होते. जवळच्या बुढा तालाबाचं पाणी गल्लीतून चढत अंगणात आलंय, आणि खुर्चीसकट आपण त्यावर हलकेच डुलतोय, असं त्यांना वाटत राहिलं.

"मले हे काहून नाही सांगितलं कधी?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"तुम्ही बोलून राहत होते ना," ती फेस काढत म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

नरहरींचे खांदे हसण्यानं हलले. मग त्यांनी वाटीभर रस्सा प्यायला. ओठ एकमेकांना चिकटले, कपाळावर घाम आला, आणि ते उन्हात गाढ झोपले.

असे बरेच रविवार गेले. भूक परतली, गाल भरले. आवाज मात्र कुजबुजीपुढे सरकला नाही. फाल्गुनात एकदा प्रेमलाला रडू आलं. "एवढं शिजवलं, काही उपेग नाही झाला."

नरहरींनी तिचा ओला हात धरून ठेवला.

उन्हाळ्यात शिगडीपुढे बसवेना, पाया बंद झाला. पहिल्याच रिकाम्या रविवारी नरहरींनी सावलीत दोन खुर्च्या मांडल्या.

"आज काही शिजवायचं नाही," प्रेमला म्हणाली.

"बस तर खरी." ते तिच्या कानाशी वाकले. "आपलं लग्न ठरलं तेव्हा तू काय म्हणाली होती?"

ती खुर्चीत बसली. गल्लीतून एक स्कूटर गेली.

"आई म्हणे, पोट्टा लय बोलते. मी म्हटलं, बोलू दे, मले ऐकायले आवडते." तिनं पदरानं मान पुसली. "पण त्याच्या आधी काय झालं, ते सांगते..."