बाराची गोळी

शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी चप्पल होती. रबरी, ओली, संडासाबाहेरची. शाळेत सगळ्यांच्या पायात बूट, म्हणून टीचरने मॉनिटरला ती आणायला पिटाळलं होतं. फिट आली की चप्पल हुंगवायची, हे त्या शिकल्यासवरल्या बाईला पक्कं ठाऊक. माझा स्कर्ट भिजलेला. कोणीतरी हसलं. मी आठवीत होते.

फिट का आली ते मला माहीत होतं. दुपारी बाराची गोळी चुकली होती. चुकली कसली, चुकवली. सकाळी दप्तरं तपासताना टीचरनेच ती कचऱ्यात टाकली. शाळेत औषध आणायचं नाही, दुसऱ्या मुलाने खाल्लं तर जबाबदारी कोणाची, असा नियम. मग तुम्हीच ठेवा नि तुम्हीच द्या, हे सांगायला आई जूनमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली होती. पाचूबंदरला मासळीचा लिलाव उरकून तशीच आलेली. वास येतो म्हणून तिला गेटवरच थांबवलं. चिठ्ठी कोणी हातातसुद्धा धरली नाही.

फिटनंतर मात्र तिला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली नाही. बाकीची मुलं घाबरतात, दाखला घेऊन जा, असं मोठ्या बाई म्हणाल्या. टीचरने वर जोडलं, "तुमच्यात मासे खाऊन खाऊनच होत असेल हे."

आई हळूच म्हणाली, "बाई, मी जास्त काय मांगत नाय. दुपारला एक गोली नि घोटभर पानी."

त्यांनी विचार करायला आठवडा दिला. कसला विचार ते सांगितलं नाही. मला रडू आलं ते भीतीने. गोळी घेताना सापडले तर नियम मोडला म्हणून दाखला हातात, नाही घेतली तर फिट. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी गोळी मोज्यात लपवून नेली. बाराला संडासात जाऊन गिळायची, असं ठरवलं होतं. गणिताचा तास. हात वर करणार, तेवढ्यात मनात आलं, आतून कडी लावल्यावर मी तिथेच पडले तर? ओल्या लादीवर डोकं आपटलं तर? कोणाला कळणार? नियमाच्या भीतीने मी मरायलाच निघाले होते की.

मी जागेवरच उभी राहिले. मोज्यातून गोळी काढली.

"ती इकडे दे," टीचर म्हणाली.

मी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याले.

"दाखला हवाय ना तुला?"

"द्या," मी म्हटलं. "त्यावर कारण लिहा. वर्गात औषध घेतलं म्हणून."

ते लिहायला कोणी धजलं नाही. मी दहावी त्याच शाळेतून झाले. भीती आजही आहे. असू दे. गोळी मी चारचौघांतच घेणार. ज्याला हाकलायचं असेल त्याने कारण लिहून हाकलावं.